धंद्यातील चढाओढ आणि परस्परसाहाय्य

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. ज्याचे उभे आयुष्य खडूफळ्यापाशी गेले त्याने शिक्षणावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि आज मी आपल्या पिढीजात धंद्याविषयी बोलणार आहे. मी शिंप्याच्या घरात जन्मलो. वडिलांच्या यंत्राच्या पायट्याशी बसून मी मुळाक्षरे गिरविली आणि त्या यंत्राच्या कमाईवरच माझे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाले. त्या यंत्राचे ऋण शिरावर असल्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

आपल्या धंद्याची आजची स्थिती आपण सर्व जाणता. तयार कपड्यांनी बाजार व्यापला आहे. घरबसल्या मागविलेला सदरा दाराशी येतो. तो अंगाला नीट बसत नाही. परंतु स्वस्त असतो, आणि आजच हवा तर आजच मिळतो. गावातील शिंप्याकडे लग्नसराईचे चार महिने उसंत नसते, आणि उरलेले आठ महिने यंत्रावर धूळ बसते. अशा वेळी आपण झगडतो कोणाशी? दूरच्या कारखान्याशी झगडण्याचे बळ आपल्या अंगी नाही, म्हणून आपण झगडतो समोरच्या आळीतील आपल्याच व्यवसायबंधूशी. त्याने शिलाई दहा रुपयांनी उतरविली की आपण पंधरांनी उतरवितो. त्याने ओव्हरलॉकचे यंत्र घेतले की आपणही कर्ज काढून घेतो, आणि मग दोन्ही यंत्रे अर्धा दिवस रिकामी राहतात. दोघेही खंगतात, आणि तयार कपड्यांच्या दुकानदाराला त्याची वार्ताही नसते.

स्पर्धा नसावी असे माझे म्हणणे नाही. वर्गात पहिला येण्याची ईर्षा नसेल तर अभ्यास होत नाही. तद्वत् धंद्यात ईर्षा नसेल तर हाताला सफाई येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की स्पर्धा कोठे करावी आणि कोठे करू नये याचा विवेक आपण केलेला नाही. दुकानाचे दोन भाग असतात. एक गिऱ्हाइकाला दिसणारा. तेथे माप, कापाची बैठक, शिवणीची सफाई, वेळेवर काम देणे आणि गोड बोलणे यांचा कस लागतो; तेथे खुशाल चढाओढ करावी. दुसरा भाग पडद्यामागचा. कापड, अस्तर, बक्रम आणि रिळे कोठून आणली, काज कोणत्या यंत्रावर झाले, माल कोणत्या गाडीने आला, याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते. या दुसऱ्या भागात प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करण्यात कोणाचेही नुकसान नाही, झाला तर लाभच आहे.

ही कल्पना परकी आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आपल्याच बाजारपेठेत डोळे उघडे ठेवून एक फेरी मारावी. गावोगाव एखाद्या बोळात काज-बटणवाल्याचे लहानसे दुकान असते. काजाचे यंत्र महाग, आणि एका शिंप्याच्या कामावर ते दिवसाकाठी तासभरही चालणार नाही. म्हणून गावातील सर्व शिंपी आपापले सदरे त्याच्याकडे पाठवितात. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोघा शिंप्यांचे सदरे तेथे एकाच दोरीवर शेजारी शेजारी लोंबत असतात. आजवर त्यामुळे कोणाचे गिऱ्हाईक पळाले आहे काय? साडीच्या फॉल-पिकोची तीच गोष्ट. म्हणजे सामाईक यंत्राचा लाभ आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. फक्त त्याला सहकार्य हे नाव दिले नाही, आणि त्याच रीतीने पुढचे पाऊलही टाकले नाही.

आपण ज्या यंत्रावर पोट भरतो, त्या शिवणयंत्राचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपल्या सुधारलेल्या यंत्राचे. पुढे आणखी कारखानदार उतरले. एकाजवळ सुईची युक्ती, तर दुसऱ्याजवळ कापड पुढे सरकविण्याची. सर्व युक्त्या एकत्र आल्याखेरीज चांगले यंत्र होईना. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यावर फिर्याद करू लागला. कारखान्यांपेक्षा कोर्टातच अधिक गर्दी झाली. अखेरीस १८५६ साली त्यांतील एका कारखान्याच्या अध्यक्षाने सुचविले, की आपापली पेटंटे एकत्र ठेवावी, सर्वांनी ती वापरावी, आणि यंत्रे मात्र ज्याने त्याने आपल्या नावाने करून विकावी. हाऊ, सिंगर, व्हीलर आणि विल्सन, ग्रोव्हर आणि बेकर हे चौघे प्रतिपक्षी एका संघात आले. विक्रीतील त्यांची चुरस तशीच राहिली, परंतु कज्जे मिटले आणि यंत्र घरोघर जाऊ लागले. हा संघ १८७७ सालापर्यंत टिकला. त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. संघाबाहेरील कारखानदाराला प्रत्येक यंत्रामागे या संघाला फी द्यावी लागे, आणि तिचा भार शेवटी विकत घेणाऱ्यावर पडे. प्रतिस्पर्धी एकत्र आले की काम सुकर होते, परंतु गिऱ्हाइकाला पिळण्याचा मोहही त्याच दाराने आत येतो. त्या मोहाविषयी मी पुढे बोलणार आहे.

सिंगर आणि हाऊ पुढे मोठे कारखानदार झाले. आपल्यासारख्या लहान कारागिरांचा दाखला हवा असेल, तर जर्मनीतील डेलिच या छोट्या गावाकडे पाहावे. हेर्मान शुल्झे हे तेथील न्यायाधीश. त्या काळी कारखान्यांच्या मालापुढे गावोगावचे सुतार व जोडे शिवणारे टेकीस आले होते. प्रत्येक जण व्यापाऱ्याकडून थोडेथोडे चामडे उधार घेई; त्यामुळे भाव चढा आणि माल हलका मिळे. कोणी दया करील, सरकार काही देईल, या आशेवर न बसता शुल्झे यांनी १८४९ साली गावातील सुतारांचे आणि जोडे शिवणाऱ्यांचे कच्च्या मालाच्या खरेदीचे संघ काढले. चामडे घाऊक भावाने एकत्र घ्यावयाचे, मूळ किमतीवर खर्चापुरती अल्प रक्कम चढवून ते सभासदांना द्यावयाचे, आणि जोडा ज्याने त्याने आपल्या घरी शिवून आपल्या गिऱ्हाइकाला आपल्या भावाने विकावयाचा. चामड्याची कोठी एक आणि दुकाने अनेक, अशी ही व्यवस्था होती. दुसऱ्याच वर्षी, १८५० साली, त्यांनी कारागिरांना आगाऊ रक्कम देणारी पतसंस्था काढली. १८८३ साली ते वारले, तोवर अशा संस्थांचे जाळे जर्मनीभर पसरले होते.

डेलिचचे हे बीज आपल्याही भूमीत पडले आहे. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, तेव्हा शहरातील संस्थांपुढे शुल्झे यांच्याच पद्धतीचा नमुना होता. तो कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता होता. १९१२ सालच्या कायद्याने खरेदी, विक्री व उत्पादन यांसाठीही सहकारी संस्था काढण्यास वाट मोकळी झाली. आज महाराष्ट्रात १९६० सालचा सहकारी संस्था अधिनियम लागू आहे. त्यानुसार संस्था नोंदविण्यास किमान दहा माणसे लागतात, आणि ती निरनिराळ्या कुटुंबांतील असावी लागतात. या अटीत मला मोठे शहाणपण दिसते. बाप, दोन मुले आणि पुतण्या यांनी मिळून संस्था होत नाही; शेजारच्या दुकानदाराच्या ओट्यावर जाऊन बसावेच लागते!

मुंबईच्या डबेवाल्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेले हे काम एका मालकाचे नाही. त्यांचे निरनिराळे गट असून प्रत्येकाचा मुकादम वेगळा, गिऱ्हाइके वेगळी आणि हिशेबही वेगळा. गिऱ्हाईक मिळविण्यात गटागटांत चुरस असते. परंतु डबा एकदा घरून निघाला, की तीन-चार हातांतून फिरून तो कचेरीत पोहोचतो. त्यांतील काही हात दुसऱ्या गटाचे असतात, आणि कोणीही परक्या गटाचा डबा म्हणून तो फलाटावर टाकून देत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीपासून त्यांची संख्या बरीच घटली. परंतु त्यांच्या या शिस्तीचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

मंडळी, एवढे दाखले दिल्यावर आपण विचाराल, 'गुरुजी, आम्ही नेमके करावे काय?' शाळामास्तर असल्यामुळे मी शाळेचेच गणित घालतो.

सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलामुलींना मोफत गणवेश दिला जातो. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाचे ३०० रुपये, धरण्यात आले. २०२४-२५ या वर्षी राज्य शासनाने कापड एकत्रित खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे देण्याचा प्रयोग केला. परंतु पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचे ठरले. या समित्यांत पालकांचे बहुमत असते. म्हणजे निर्णय गावात होतो आणि मुले गावातील असतात; मग गणवेश बाहेरगावच्या ठेकेदाराचा का असावा?

समजा, एका शाळेत २०० मुले आहेत. प्रत्येकी दोन गणवेश म्हणजे ४०० गणवेश. वरचा आणि खालचा असे दोन कपडे धरले तर ८०० कपडे झाले. एक शिंपी एकट्याने दिवसाला सहा कपडे पुरे करतो असे मानले, तर त्याला १३४ दिवस, म्हणजे जवळजवळ साडेचार महिने लागतील. शाळा जूनमध्ये उघडते आणि हा कपडे देईल दिवाळीच्या सुमारास! कोणती समिती त्याला काम देईल? परंतु असे दहा शिंपी एकत्र आले, तर तेच काम १४ दिवसांत हातावेगळे होते. दुसरी बाब कापडाची. ३०० रुपयांत कापड, बटणे आणि शिलाई सर्व बसवावयाचे आहे. किरकोळ दुकानातून कापड आणल्यास शिलाईसाठी काय उरणार? दहा जणांनी मिळून घाऊक पेढीवरून ताग्यांनी कापड आणले, एकाच्या ओसरीवर थर लावून एकदम कापले आणि शिवण्यास वाटून घेतले, तरच दोन पैसे हाती राहतील. एकट्याला जे काम मुळीच मिळत नव्हते, ते दहा जणांना मिळते. यात कोणी कोणाचे गिऱ्हाईक घेतले नाही. जे गावाबाहेर जात होते, तेच गावात राहिले.

आता मघाशी सांगितलेल्या मोहाविषयी. एकत्र बसलो की कोणी तरी हळूच सुचवितो, 'आपण सगळ्यांनी मिळून शिलाई वाढवू या. कोणी कमी घ्यायची नाही.' दुसरा म्हणतो, 'वरची आळी तुझी, खालची माझी.' तिसरा म्हणतो, 'शाळेला तीन दरपत्रके हवीत ना? मग तू चढे दे, मीही चढे देतो, काम याला मिळेल.' हे सहकार्य नव्हे, हे साटेलोटे होय. २००२ सालच्या स्पर्धा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने भाव ठरविणे, बाजार वाटून घेणे आणि निविदांत साटेलोटे करणे यांस मनाई केली आहे. ते कलम २० मे २००९ पासून अमलात आहे. मात्र कामाची कार्यक्षमता वाढविणाऱ्या संयुक्त उपक्रमांना त्याच कलमात सवलत ठेवलेली आहे. दहा जणांच्या नोंदणीकृत संस्थेने स्वतःच्या नावाने एकच दरपत्रक उघडपणे देणे, आणि दहा जणांनी आतून संगनमत करून वरवर वेगवेगळी दरपत्रके देणे, यांत दिवस आणि रात्र इतके अंतर आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. जी गोष्ट गिऱ्हाइकासमोर मोठ्याने सांगता येते ती सहकार्य. जी कुजबुजत सांगावी लागते ती लबाडी.

'समोरचा माझे गिऱ्हाईक फोडील,' ही भीती अनेकांना वाटते. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु भीतीवर उपाय अबोला हा नव्हे. उपाय म्हणजे लेखी नियम. मला सुचलेले काही नियम आपल्यापुढे ठेवतो.

पहिला, आरंभ एकाच गोष्टीपासून करावा. रिळे, बक्रम व अस्तर यांची घाऊक खरेदी एवढीच पहिल्या वर्षी पुरे. पहिल्याच दिवशी सामाईक कारखान्याचा बेत आखणाऱ्यांचे कारखाने बहुधा कागदावरच राहतात.

दुसरा, काय सामाईक आणि काय खाजगी हे आधी लिहून ठेवावे. कापडाची कोठी सामाईक. मापाची वही ज्याची त्याची. त्या वहीला दुसऱ्याने हात लावू नये.

तिसरा, यंत्रावरील पाळी आल्या क्रमाने असावी. अध्यक्षाचे काम असले तरी त्याने रांगेतच उभे राहावे. माझ्या पाहण्यात जी सामाईक कामे मोडली, त्यांतील बहुतेक पैशामुळे नव्हे, तर पाळी मोडल्यामुळे मोडली.

चौथा, सामाईक कामातील प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूस शिवणाऱ्याची खूण असावी. शिवण उसवली तर ज्याची खूण त्याने ती विनामोबदला दुरुस्त करावी. दहा जणांच्या आड एकाचा आळस लपता कामा नये.

पाचवा, कारागिरांविषयी. एकाने उचल द्यावी आणि दुसऱ्याने तो कारागीर हंगामात फोडावा, हे भांडणाचे जुने मूळ आहे. उचलीचा हिशेब तिघांनी समोरासमोर बसून मिटवावा. परंतु 'याला कोणी कामावर घेऊ नये' असा ठराव कदापि करू नये. कारागीर हा आपला बांधील नोकर नव्हे, त्याच्याही घरी चूल आहे.

सहावा, दरमहा ठरलेल्या तिथीस हिशेब मोठ्याने वाचावा, आणि ज्याला बाहेर पडावयाचे आहे त्याचा वाटा किती दिवसांत परत द्यावयाचा हे आरंभीच ठरवावे. जाण्याची वाट मोकळी असली म्हणजे येणाराही निर्धास्तपणे येतो.

आणखी एक विचार नम्रपणे मांडतो. हा मेळावा आपल्या ज्ञातीचा आहे. परंतु सुईला जात नसते. आज आपल्या गावी शिवणकाम करणाऱ्यांत सर्व समाजांची माणसे आहेत, आणि घरी बसून पोलके व पंजाबी पोशाख शिवणाऱ्या भगिनींची संख्या तर दुकानदारांहूनही अधिक भरेल. त्यांना वगळून काढलेली संस्था लंगडी ठरेल. सहकारी कायदाही सांगतो, की पात्र माणसाला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. १९०६ साली मुंबईत रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांनी आपल्या सारस्वत ज्ञातीतील गरजूंसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापन केली. ज्ञातीच्या जिव्हाळ्यातून निघालेली ती संस्था पुढे मोठी बँक झाली, आणि आज तिचे दार सर्वांना उघडे आहे. आपल्या मंडळानेही तसेच करावे. पहिला दिवा आपण लावावा. उजेड सर्वांच्या अंगणात पडू द्यावा.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलांनी शिकावे, मोठ्या हुद्द्यावर जावे, ही माझीही इच्छा आहे. त्यासाठीच तर मी हयात वेचली. परंतु प्रत्येक मुलाला कचेरीत खुर्ची मिळणार नाही, हेही तीस-पस्तीस वर्गांतील मुलांचे पुढे काय झाले ते पाहून मी जाणतो. ज्याच्या हाती कात्री येईल त्याला ती लाजेने धरावी लागू नये, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. एकेकट्याने ती होणार नाही.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. या मेळाव्यानंतर एक महिन्याच्या आत मंडळाने गावातील सर्व शिवणकाम करणाऱ्यांची, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, एक बैठक बोलवावी. त्या बैठकीत भाषणे नकोत, माझेही नको. फक्त प्रत्येकाने कागदावर लिहावे, की गेल्या वर्षी रिळे, अस्तर आणि बक्रम यांवर आपला किती खर्च झाला. ते आकडे फळ्यावर मांडून त्यांची बेरीज करावी. बेरीज करण्यास मी येईन. ते काम मला अजून येते. ती बेरीज घेऊन दोघा विश्वासू माणसांनी घाऊक पेढीवर जावे आणि भाव विचारावा. पुढचा मार्ग तो भावच दाखवील.